झाकणाखालचा पांढरा फेस

मित्रांनो, घरी गाडी असेल तर मोठ्या माणसांना एकदा बॉनेट उघडायला सांगा. इंजिनाच्या डोक्यावर तळहातात मावेल असे काळे झाकण दिसेल. इंजिनात तेल ओततात ते तिथूनच. एका जुन्या निळ्या गाडीचे तसले झाकण म्हणजे मी.

माझा जन्म मला फारसा आठवत नाही. काहीतरी गरम, मऊ असे साच्यात ओतले गेले, थंड झाले, आणि ते मी होते. साच्यातून निघतानाच माझ्या कपाळावर अक्षरे उमटली होती: फाइव्ह डब्ल्यू थर्टी. माझ्या इंजिनाला कुठले तेल लागते ते या आकड्यांवरून कळते. गारठ्यात तेल किती चटकन धावेल, हे पहिला आकडा सांगतो. इंजिन तापल्यावर त्याचा दाटपणा किती टिकेल, हे दुसरा. मला एवढेच सांगता येते, आणि तेही कोणी वाचले तर.

माझी एक बाजू उजेडात असते, दुसरी अंधारात. गाडी चालू झाली की त्या अंधारात सोनेरी तेल खालून वर येते, लोखंडावरून निथळते आणि पुन्हा खाली जाते. ते बघता बघता मला गुंगी येते. माझे अर्धे आयुष्य त्या गुंगीतच गेले.

गाडी काकूंची होती. काकू घरोघरी जाऊन आजारी माणसांची मलमपट्टी करत. सुटीच्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, त्या बॉनेट उघडत. पट्टी ओढून तेल किती आहे ते बघत आणि मला पुसत. पुसायला काकांच्या रेघारेघांच्या पायजम्याचा तुकडा होता.

"अगं, चांगला होता तो पायजमा," काका म्हणत.

"अहो, गाडीलाही चांगलंच लागतं," काकू म्हणत.

काका छापखान्यात मुद्रिते तपासत. दिवसभर बारीक अक्षरे वाचून दुसऱ्यांच्या चुका काढणारा माणूस, पण बॉनेटखालचे एक अक्षर त्यांनी कधी वाचले नव्हते. गाडी त्यांना येत होती. तरी काकूंनी चालवावी आणि आपण शेजारी बसून संत्री सोलून द्यावीत, यातच त्यांना सुख होते.

एकदा त्यांनी विचारले, "दुकानात एवढी तेलं असतात. कुठलं घ्यायचं ते तुला कळतं कसं?"

"मला कुठे कळतं? हे सांगतं," काकू म्हणाल्या आणि माझ्यावर नखाने दोनदा टकटक केले.

"मग मलाही सांगेल एक दिवस," काका हसले.

पुढे एका थंडीत काकू बॉनेट उघडायला आल्या नाहीत. दुसऱ्या आठवड्यातही नाहीत. आजारी माणसे वाढली असतील, असे मला वाटले. आजारी त्याच होत्या, हे मला फार उशिरा कळले. तोवर त्या गेल्या होत्या.

मग रोज सकाळी काका येऊ लागले. ते किल्ली फिरवून गाडी चालू करत, वळसा घालून पलीकडे जात आणि आपल्या नेहमीच्या जागेवर बसत. स्टिअरिंगसमोरची सीट रिकामीच असे. चहा उकळेल एवढा वेळ ते तसे बसत, मग गाडी बंद करून घरात जात. त्या थरथरीत मला वाटे, आत्ता गिअर पडेल, आत्ता आपण निघू. पण आम्ही कुठेच गेलो नाही.

इंजिन नीट तापायच्या आत बंद होई. आतल्या वाफेचे पाणी होई, ते माझ्या पोटाला चिकटे आणि तेलात घुसळून पांढरा फेस होई. हळूहळू मला खालचे काही दिसेनासे झाले.

शेजाऱ्यांनी एकदा मला उघडून बघितले आणि च्‌ च्‌ केले. "काका, तेलात पाणी शिरलंय. इंजिन गेलं समजा. जाड तेल घालून बघा हवं तर, जुन्या गाडीला जाडच लागतं. नाहीतर द्या भंगारात."

दुसऱ्या गावी राहणाऱ्या मुलीला काकांनी फोनवर हे सांगितले. तिचा आवाज मला बॉनेटखाली ऐकू आला. "बाबा, देऊनच टाका. तुम्ही कुठे जाताय आता? रविवारी माणूस पाठवते न्यायला."

काकांनी फोन ठेवला. शनिवारी सकाळी मात्र ते दुकानातून जाड तेलाचा डबा घेऊन आले. त्यांनी मला फिरवून काढले. पायजम्याचा तुकडा अजून बॅटरीशेजारी खोचलेला होता. तो त्यांनी बराच वेळ हातात धरला. मग काकू पुसत तसे मला पुसले, आणि त्यांचा अंगठा माझ्या कपाळावर थांबला.

"फाइव्ह डब्ल्यू थर्टी," ते हळूच म्हणाले. मग डबा वाचला. "ट्वेंटी डब्ल्यू फिफ्टी." पुन्हा मला, पुन्हा डबा. मुद्रिते तपासताना ते असेच ताडून बघत असतील.

ते पायरीवर बसले. "खरंच सांगतं की गं हे," ते म्हणाले. ते हसत होते की रडत होते, मला कळले नाही.

इंजिनाचे तोंड तुकड्याने झाकून त्यांनी मला खिशात घातले आणि मिस्त्रींकडे नेले. गॅरेज गल्लीच्या टोकाला होते. मिस्त्रींनी मला उलटे केले, फेस बोटावर घेऊन चोळला.

"काका, गाडी चालवता का?"

"रोज चालू करतो."

"चालू करता हो. चालवता का?"

काकांनी ‘नाही’ म्हणून मान हलवली.

मिस्त्री घरी आले. रेडिएटरचे पाणी जराही उतरलेले नव्हते, पट्टीवरच्या तेलात दुधाळपणा नव्हता. "पाणीबिणी काही शिरलं नाही. तिला घाम येतो, आणि तो सुकायच्या आत तुम्ही तिला बंद करता. तेल बदलू. सिंथेटिक घाला. ते गारठ्यात अडत नाही, तापल्यावर लवकर पातळ होत नाही."

"सगळ्यात भारी असेल ते द्या."

"भारी नको, तिचं द्या. झाकणावरचा आकडा आणि गाडीच्या कंपनीनं सांगितलेला दर्जा, दोन्ही डब्यावर बघून घ्या. तुमचं ते जाड तेल पहाटे उठून वर पोचेपर्यंत लोखंडावर लोखंड घासेल. आणि तेल बदलून पुन्हा उभी करून ठेवू नका. लांब न्या."

"लांब कुठे?"

"ते मला विचारता होय?"

रविवारी सकाळी काका स्टिअरिंगसमोर बसले. सीट त्यांनी मागे सरकवली नाही, गुडघे अवघडून तसेच बसले. शेजारच्या सीटवर संत्री होती. नवे तेल चढले, आणि अंधारात पुन्हा सोने निथळू लागले. रस्ता लांबला, ऊब वाढली, फेस विरघळला. पुन्हा दिसू लागले तशी मला जुनी गुंगी आली. काकूच चालवत आहेत असे मला वाटत राहिले.

गाडी मुलीच्या घरासमोर थांबली आणि ती दारात आली. "बाबा! गाडी कोणी आणली?"

"मी."

"अहो, पण तो माणूस येणार होता ना न्यायला?"

"येऊ दे. फाटकाला कुलूप आहे."

ती आधी हसली, मग तिने त्यांच्या खांद्यावर डोके टेकले.

मित्रांनो, आमच्यासारख्या मुक्या वस्तूंना फार काही नको असते. आमच्यावर काय लिहिले आहे ते पुसून वाचा आणि तेवढेच द्या. आणि आम्हाला जपायचे म्हणून एका जागी उभे करू नका. जायचे तिथे आम्हाला घेऊन जा.

इंजिन गार झाल्यावर काकांनी मुलीला बॉनेटपाशी बोलावले आणि मला उलटे करून दाखवले. मी कोरडे होते.

"तुम्हाला कसं कळलं हो, कुठलं तेल घालायचं ते?" तिने विचारले.

काकांनी मला जागेवर बसवले, घट्ट फिरवले आणि नखाने माझ्यावर दोनदा टकटक केले.