चुकीची खूण

फोकसच्या रिमोटवरच्या पांढऱ्या कड्यावर पेन्सिलीच्या तीन खुणा — खिडकी, टेबल, खुर्ची. अंगठ्याच्या घामाने मधली पुसट झालेली. ती त्याने पुन्हा गिरवली. कॅमेरा पलीकडच्या खोलीत, तो इकडे काळ्या पडद्याआड, मांडीवर तो रिमोट, पुढ्यात स्क्रीन. हे कडं केसभर फिरवलं की तिकडे लेन्सवरची मोटर कुरकुरते आणि बाईंचा चेहरा स्पष्ट होतो... म्हणजे बाई खुणेवर असतील तर.

बाई सिनेमातली आई. मुलगा घर सोडून गेल्याचं कळतं आणि ती खिडकीपासून येऊन खुर्चीत बसते, एवढंच काम. तेवढंही सकाळपासून धड जमत नव्हतं. जमिनीवर ढळढळीत चिकटपट्टी लावली तरी बाई वीतभर अलीकडे नाहीतर पलीकडे, आणि वर तक्रार, इथला उजेड डोळ्यांत जातो म्हणून — नाचता येईना, अंगण वाकडं. डोळ्यांत ग्लिसरीन घालून घ्यायचं आणि दुःख झालं म्हणायचं! दिग्दर्शकाला दाढी आली म्हणजे दृष्टीही आली असं वाटत होतं. आणि कॅमेऱ्यामागे सख्खा मेव्हणा, बायकोचा दादा. पूर्वी तो या मेव्हण्याच्या खांद्याला खांदा लावून लेन्सपाशी उभा राहायचा. माणूस किती लांब आहे ते अंगालाच कळायचं. आता बिनतारी कारभार. बरंच झालं म्हणा. माणसं अशी काचेपलीकडेच बरी, त्यांचा वास येत नाही.

एक मात्र होतं. फोकस सुटला की तो स्वतःच ओरडायचा, ‘चुकलं, पुन्हा.’ चुकीला कला म्हणून खपवणाऱ्यांची त्याला शिसारी होती.

टेक सुरू झाला. बाई खिडकीपासून निघाल्या, टेबल ओलांडलं, कडं त्यांच्याबरोबर फिरत गेलं... आणि खुर्चीशी येऊन त्या बसल्याच नाहीत. खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या. मान किंचित तिरकी, रडायचंही विसरून नुसत्या बघत — सकाळी बायको अशीच उभी होती. अश्शीच, खुर्चीची पाठ धरून. ‘मी दादाकडे जाते राहायला. जाऊ की नको, संध्याकाळपर्यंत सांग.’ आणि तो म्हणाला होता... काय म्हणालो मी? ‘बाजूला हो, उजेड अडतोय.’ हिचंही नाटकच, असं वाटलं होतं, फक्त ग्लिसरीन नाही. आणि ती खरोखरच बाजूला झाली होती —

बाई एक पाऊल पुढे आल्या. कड्यावरचा हात तिथेच राहिला. त्यांचा चेहरा विरघळत गेला आणि मागे रिकामी खुर्ची तेवढी लख्ख उरली.

‘‘कट!’’

‘चुकलं’ म्हणायला त्याने तोंड उघडलं.

‘‘काका!’’ दिग्दर्शक पलीकडून ओरडला, ‘‘काय केलंत हो! ती धूसर, खुर्ची स्पष्ट — अख्खा सिनेमा आला की यात!’’

उघडलेलं तोंड त्याने मिटलं. मेव्हणा पडदा सारून आत आला.

‘‘भावजी, ठरवून केलंत?’’

‘‘हो,’’ तो म्हणाला. किती सहज म्हणाला! त्याचं त्यालाच किळसवाणं वाटलं.

‘‘आणखी एकदा हवंय त्याला. अगदी असंच.’’ मेव्हणा घुटमळला. ‘‘तिचा फोन आला होता. संध्याकाळी गाडी घेऊन येऊ का विचारलं, तर म्हणाली, त्यांना विचार.’’

‘‘टेक होऊ दे.’’

मेव्हणा गेला. त्याने पेन्सिल उचलली. हात कुठे थांबला होता हे नीट माहीत होतं; तिथे, खुर्चीच्या खुणेच्या केसभर अलीकडे, त्याने चौथी खूण केली. इतर तिन्हींसारखीच, सुबक. मघाशी हात नकळत थांबला होता. आता तो सांगितल्या जागी थांबणार, मोजूनमापून, आणि सगळे वाहवा करणार. म्हणजे इतकी वर्षं असल्या नटनट्यांना हसलो ते... थुत्! ही चौथी खूण तर त्याचीच ग्लिसरीनची बाटली.

‘‘काका, तयार?’’

त्याने अंगठ्याने चौथी खूण पुसली. ती गेली नाही, नुसती पसरली. स्क्रीनवर बाई खिडकीशी उभ्या होत्या, आता खुणेवर तंतोतंत, शहाण्यासारख्या. या बाईंनी पुन्हा खूण चुकवावी, असं त्याला जन्मात पहिल्यांदा वाटलं. त्याने कड्यावर हात ठेवला.