हनुवटीशी अडलेला चमचा

मी एक सर्वो बोर्ड आहे. मोटरने किती फिरायचं आणि कुठे थांबायचं, ते मी ठरवतो. निदान तसं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे समोरून इशारा येतो आणि मी तो पुढे ढकलतो. हुद्दा मोठा, अक्कल मात्र दोन स्क्रूंमध्ये मावेल एवढी. एका स्क्रूने माझं शून्य ठरतं, म्हणजे इशारा कुठे असताना स्वस्थ बसायचं. दुसऱ्याने ठरतं, किती इशाऱ्यावर किती धावायचं.

आठ वर्षं मी बाटल्यांना झाकणं लावणाऱ्या यंत्रात होतो. काय तो माझा तोरा! मग नवं यंत्र आलं आणि मी भंगाराच्या पेटीत पडलो. तिथली दुरुस्तीवाली साहेबांना विचारून मला घरी घेऊन गेली. आपली किंमत कुणाला तरी कळली, असं वाटलं. तिला माझ्याकडून चमचा उचलून घ्यायचा होता. मी मनातल्या मनात फुगून बसलो.

चमचा तिच्या बाबांसाठी होता. ते शिंपी. मानेच्या दुखण्यात दोन्ही हात गेले, उजवा पंजा तेवढा थोडा हलायचा. वर्षभर आई त्यांना भरवत होती आणि ते डोळे मिटून खात होते. लेकीने त्यांच्या पंजाखाली मला इशारा देणारी एक छोटी दांडी बसवली. दांडी मागे असली की चमचा वाटीत, पुढे लोटली की तोंडापाशी. स्वतःच्या हाताने दांडी पुढेमागे करून तिने माझे स्क्रू लावले, मीटरवर आकडे तपासले. मी अगदी बिनचूक निघालो.

मग बाबांनी पंजा ठेवला. चमचा सुपाच्या वरच अधांतरी राहिला. आईने तो भरून दिला, तर हनुवटीशी अडला आणि सूप सदऱ्यावर. तीन दिवस हेच चाललं. चूक म्हाताऱ्याचीच, असा निकाल मी देऊनही टाकला होता.

चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, "राहू दे गं. माझ्याच्याने नाही व्हायचं. काढून टाक ते."

लेकीने मीटर जोडून त्यांना नुसता हात टेकवायला सांगितलं. आकडा शून्यावर नव्हता. पंजाच्या वजनानेच दांडी पुढे झुकली होती. मग जमेल तेवढं लोटायला सांगितलं. दांडी अर्ध्यापर्यंतही गेली नाही.

"मी माझ्या हाताचं माप घेतलं, बाबा," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या मापाने तुम्ही कधी सदरा शिवलात का?"

तिने माझं शून्य त्यांच्या टेकलेल्या हातापाशी आणलं. दुसरा स्क्रू असा फिरवला की त्यांच्या सगळ्या जोरात चमचा थेट तोंडापर्यंत जावा. एवढं साधं मला तीन दिवसांत सुचलं नव्हतं, आणि निकाल द्यायला मात्र मी पुढे.

चमचा वाटीत बुडाला, वर आला, हनुवटी ओलांडून गेला. बाबांनी सावकाश घोट घेतला. वर्षभरात त्यांनी आईच्या कुठल्याच जेवणाला नावं ठेवली नव्हती.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

आई मीठ आणायला आत गेली ती बराच वेळ आलीच नाही.

आता मी जेवणाच्या टेबलाखाली असतो, अंगावर सुपाचे डाग घेऊन. कुणी जाणकाराने मीटर लावला तर माझं शून्य साफ चुकलेलं दिसेल. मेहेरबानी करून ते दुरुस्त करू नका.