जर्मनाचं पान

आमचे भाऊजी वारलू यांनी दुसऱ्या महायुद्धात एका जर्मनाला नुसत्या हातांनी धरलं होतं. हे मी नाही, तेच सांगत. गडचिरोलीच्या बाजारात, पानठेल्यावर, पोळ्याला तर बैलांनाही. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

१९५४ च्या भादव्यात त्या जर्मनाचं कार्ड आलं. तळहाताएवढं, काळ्या काठाचं. एका बाजूला क्रूस, दुसऱ्या बाजूला टोपी घातलेला कोवळा पोरगा आणि कैदेत मेल्याची तारीख. सोबत त्याच्या आईची इंग्रजी चिठ्ठी. मी शाळामास्तर, म्हणून मीच वाचली. त्यांच्याकडे माणूस गेला की अशी कार्डं वाटतात. ज्याला मिळेल त्याने मेलेल्यासाठी प्रार्थना करायची. भाऊजींनी पलटणीतल्या कारकुनाकडून पोराचं शेवटचं कळवलं होतं; ते पत्र तिला वर्षांनी पोचलं, म्हणून आता त्यांनाही एक.

माझी थोरली बहीण सुगंधाबाई हिने त्याचा सरळ अर्थ लावला. सर्वपित्री अमावास्येला तिने अंगणात जर्मनाचं पान वाढलं. वडे, कढी, खीर, कोहळ्याची भाजी.

इथे मला खोडी सुचली. कावळा पानाला शिवला नाही तर पितर नाराज, हे सारं गाव मानतं. मी सकाळीच शाळेमागे टोपलंभर भात टाकून गावातले कावळे तट्ट फुगवले. म्हटलं, भाऊजींच्या तोंडून एकदा तरी खरं निघू दे.

दुपार झाली. कुंपणापाशी गाव जमलं. शेवटी भाऊजींनी हात जोडले.

"बाबू, म्या तुले धरलं नाई. म्या निस्ता कैद्यायवर पहारा देत होतो."

लोक हसले. सगळ्यात मोठ्याने मी. कावळा काही येईना. मग त्या पोराचे बूट आपणच घेतल्याचं भाऊजींनी कबूल केलं, तेव्हाही हशा झाला. छपरावरचा कावळा चोच पुसत बसला होता.

भाऊजी खाली बसले.

"तापात तू पानी मांगत होता. साहेब पायतीन म्हून मी काटेरी तारेजवळ आलो नाई. आन तुया मायले लिवलं, का म्या पानी पाजलं."

कोणी हसलं नाही. माझी मलाच लाज वाटली. मी पुढे होऊन कावळ्यांना भात घातल्याचं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. भाऊजी मारतील असं वाटलं होतं. ते पानाकडेच पाहत राहिले, आणि म्हणाले, त्या माउलीला आता खरं लिहून टाक.

"तिले काई लिहू नोका," सुगंधाबाई म्हणाली. "त्याले पानी द्या."

भाऊजींनी तांब्या उचलला आणि रिकामा होईपर्यंत पानापाशी तिरका धरून ठेवला.