दोन ओळी जास्तीच्या

सुतार त्या दिवशी दहाच्या सुमाराला खालच्या कारखान्यातून जिना चढून वर आला, तेव्हा शिवणकाकू एका जुन्या कोटाचं अस्तर उसवत बसली होती. त्याच्या हातात मोजायची टेप होती, अर्धी बाहेर ओढलेली. दारात उभा राहून तो म्हणाला, "नाही."

"काय नाही?" काकूनं मान वर न करता विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "नाही, नाही."

"अहो, कुणी काही विचारलंय का तुम्हाला? भांडायचंच असेल तर थांबा जरा, एवढी शिवण उसवू दे."

टेप खाली पडली. मग तिनं वर पाहिलं. त्याच्या तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली होती आणि डाव्या हातानं त्यानं दाराची चौकट घट्ट धरली होती. डोळ्यांत मात्र तो पुरता शुद्धीवर होता, आणि घाबरलेला होता. चौतीस वर्षांच्या संसारात काकूनं त्याला असं घाबरलेलं एकदाच पाहिलं होतं.

मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला होता. तीन आठवडे हॉस्पिटलात काढून दोघं घरी आली, तेव्हा सुतार काठी टेकत चार पावलं टाकू शकत होता. उजवा हात कुणा दुसऱ्याचा असावा तसा मांडीवर पडून असायचा. आणि जिभेवर एकच शब्द उरला होता.

"चहा देऊ?"

"नाही," म्हणत तो कपाकडे डावा हात पुढं करायचा.

"उकडतंय का? खिडकी उघडू?"

"नाही," आणि मान मात्र होकारार्थी.

समजत सगळं होतं. आत शब्द भरलेले होते, बाहेर यायची वाट तेवढी बुजली होती. कपडे टाकायला येणाऱ्या बायकांना काकू हसून सांगायची, "इतकी वर्षं मी 'नाही' म्हणत आले आणि हे 'बरं' म्हणत आले. आता पाळी फिरलीय." बायका हसायच्या, मग घाईनं पँटची लांबी सांगून निघून जायच्या.

त्या गेल्या की काकूला घर खायला उठायचं. सुतार काही फार बोलका नव्हता. पण दिवसातून पंधरा वेळा तरी तो खालून हाक मारायचा, "अगं!" पेन्सिल कानावर अडकवलेली असायची आणि तो विचारायचा, अगं, पेन्सिल बघितलीस का. कधी कधी त्या 'अगं'च्या पुढं काहीच नसायचं. ती मशिन थांबवून, जिन्याच्या तोंडाशी येऊन "काय?" विचारायची, आणि खालून उत्तर यायचं, "काही नाही." तिचा तिळपापड व्हायचा. रिकामटेकडा समजतो का हा मला, असं पुटपुटत ती परत मशिनवर बसायची.

आता ती शिवण अर्ध्यात सोडून मान वळवायची. खरंच ऐकू आलं, असं वाटायचं. खुर्चीत सुतार रस्त्याकडे बघत बसलेला असायचा. ती त्याच्याजवळ जाऊन विचारायची, "हाक मारलीत का?" तो तिच्याकडे बघायचा, ओठ हलवायचा, कपाळावरची शीर फुगायची. मग तोच शब्द बाहेर यायचा, आणि तो शरमून मान फिरवायचा. काही दिवसांनी तिनं विचारणं सोडून दिलं. ऐकू येणं काही थांबलं नाही.

आठवड्यातून दोनदा एक तरुण स्पीच थेरपिस्ट घरी यायला लागली. काकू तिला 'बोलायची बाई' म्हणायची. ती चित्रांचे पत्ते पसरायची, आरसा धरायची, सुतारासोबत ओठांचा चंबू करायची. महिन्याभरात पत्ते झिजले, शब्द काही आला नाही. एके दिवशी ती म्हणाली, "काकू, यांना काही पाठ आहे का? गाणं, पाढे, काहीही. रोजच्या घोकलेल्या गोष्टी डोक्यात वेगळ्या ठिकाणी असतात. कधी कधी त्या वाचतात."

"पाढे येत असतील की. सुतार आहेत."

"करा सुरू."

काकूनं सुरुवात केली, "बे एके बे."

"बे दुणे चार," सुतार म्हणाला.

काकूनं हातातली सुई खाली ठेवली. तो थांबला नाही. बे त्रिक सहा, बे चोक आठ, थेट बे दाहे वीसपर्यंत, त्याच जुन्या भरीव आवाजात. मग त्यानं दोघींकडे बघितलं आणि उत्साहानं म्हणाला, "नाही!"

त्या आठवड्यात काकूनं त्याच्याकडून तीसपर्यंतचे पाढे म्हणवून घेतले. आवाज ऐकायला मिळतोय याचाच तिला हव्यास लागला होता. पण सतरा साते किती हे सांगणारा नवरा तिला नको होता. पाढ्यात ती कुठंच नव्हती.

पुढच्या खेपेला बाईंनी विचारलं, "आणखी काही म्हणायचे का रोज?"

काकू जरा वेळ दोरा गुंडाळत राहिली. "प्रार्थना म्हणायचे. सकाळी, त्या खिडकीपाशी उभं राहून."

"मग उत्तमच. तुम्ही सुरू करा, ते मागून येतील."

"मला येत नाही."

"इतक्या वर्षांत कानावर पडली असेल ना?"

काकूनं गुंडाळलेला दोरा डब्यात टाकला. काय सांगणार होती?

त्यांना एक मुलगी झाली होती. चार वर्षांची होऊन तापानं गेली. नऊ दिवस ती हॉस्पिटलात होती, आणि त्या नऊ दिवसांत काकूनं जितकं मागितलं तितकं तिनं आधी आणि नंतर कधी कुणाकडे मागितलं नाही. फरशीवर डोकं टेकून मागितलं. माझं आयुष्य घे म्हणाली, माझे डोळे घे म्हणाली. दहाव्या दिवशी दोघं रिकाम्या हातांनी घरी आली. आणि अकराव्या दिवशी सकाळी तिनं डोळे उघडले तर सुतार नेहमीसारखा खिडकीपाशी उभा, हात जोडलेले, ओठ हलतायत.

त्याचा तिला जेवढा राग आला तेवढा देवाचाही आला नव्हता.

"ज्यानं दिलं नाही, त्याच्याच दारात परत?" तिनं विचारलं होतं.

"मी मागायला नाही जात," तो म्हणाला होता.

मग कशाला जाता, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. ती उठून मशिनवर बसली आणि पायडल मारायला लागली. त्या सकाळपासून रोज, तो खिडकीपाशी उभा राहिला की ती मशिन सुरू करायची. काम असो नसो, चिंधीवर चिंधी शिवायची. तो कधी रागावला नाही, मशिन थांबव म्हणाला नाही. आवाज मात्र त्यानं खाली आणला. एकोणतीस वर्षं ती प्रार्थना मशिनच्या खडखडाटाखाली दबली होती. काकूला तिची चाल आठवत होती, शब्द एकही नाही.

दोन दिवस तिनं स्वतःशी वाद घातला. तिसऱ्या दिवशी तिनं नणंदेला फोन लावला. नणंद सुताराहून आठ वर्षांनी मोठी, लांबच्या गावी असायची, कानानं जरा कमी.

"ताई, हे जी प्रार्थना म्हणायचे ना, ती सांगा मला."

"कसलं पार्थिव?"

"प्रार्थना, ताई. सकाळची."

मग नणंद म्हणाली, "आमच्या बाबांची आहे ती. कुठल्या पुस्तकात मिळायची नाही. बाबांना लिहायला-वाचायला येत नव्हतं, त्यांनीच जुळवली. चारच ओळी आहेत. लिहून घे." आणि मग, "आत्ता कशी आठवण झाली तुला?"

"गरज पडली, ताई," काकू म्हणाली. नणंद टोमणा मारेल म्हणून ती अंग चोरून बसली होती. नणंद म्हणाली, "घे मग लिहून. पहिला शब्द, उजाडलं."

काकूनं मापांच्या वहीत, कुणाच्या तरी कंबर-छातीच्या आकड्यांखाली, चार ओळी उतरवून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सुताराला धरून खिडकीपाशी आणलं. आजारपणानंतर तो तिथं पहिल्यांदाच उभा राहत होता. समोरच्या छपरांवर कोवळं ऊन आलं होतं. त्यानं डावा हात छातीशी नेला. उजवा काकूनं उचलून त्याला लावला आणि धरून ठेवला. मग वही उघडून, गिऱ्हाइकाला मापं वाचून दाखवावीत तशा कोरड्या आवाजात तिनं सुरुवात केली.

"उजाडलं, तुझं देणं."

सुतार तिच्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले. ती घाईघाईनं पुढं गेली.

"हात दिलेस, काम दे."

"काम दे," तो म्हणाला.

"लाकूड दिलंस..."

"...डोळा दे." आता तो पुढं होता आणि ती मागं. "चुकलो तर सांग, सांगशील ते ऐकू दे."

चार ओळी संपल्या. काकूनं वही मिटली. सुतार मात्र थांबला नव्हता. तोंड खिडकीकडे, आवाज खाली, कुणाला ऐकू जाऊ नये असा, तो एकटाच पुढं म्हणत होता.

"नेलीस, तिला जप. ठेवलीस, तिला बळ दे."

मग त्यानं डावा हात खाली घेतला.

काकूनं वही उघडून बघितली. तिथं काही नव्हतं. नणंदेनं चारच ओळी सांगितल्या होत्या, त्या चार लिहिलेल्या होत्या. या दोन त्याच्या वडिलांच्या नव्हत्या.

"परत म्हणा," ती म्हणाली.

"नाही," तो म्हणाला. ते त्याला जमणार नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं. परत 'उजाडलं'पासूनच यावं लागणार होतं. तिनं सुरुवात केली, आणि दोघं चालत चालत पुन्हा त्या जागेपर्यंत आली. नेलीस, तिला जप. ठेवलीस, तिला बळ दे.

म्हणजे एकोणतीस वर्षं. रोज. ती पाठ फिरवून चिंध्या शिवत असताना, तिच्याच मागं तीन पावलांवर. आणि म्हणे मागायला नाही जात. मागतच होता की हा माणूस. लेकीसाठी आणि तिच्यासाठी.

मुलगी गेल्यावर महिन्याभरानं काकूनं पुन्हा कात्री हातात घेतली होती. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. तिलाही तसंच वाटत आलं होतं. ते बळ आपलं, आपल्या हट्टातून आलेलं, कुणाकडून उसनं घेतलेलं नाही, हा तिचा एकमेव अभिमान होता. आता खिडकीपाशी उभं राहून तिला ते तितकंसं खात्रीनं म्हणता येईना. देवानं दिलं होतं की नाही, हे तिला कळलं नाही. पण रोज सकाळी कुणीतरी आपलं नाव काढून उभं राहत होतं, आणि आपण ते ऐकू येऊ नये म्हणून पायडल मारत होतो, एवढं कळलं. तिला त्याला खूप काही विचारायचं होतं. पहिल्यांदा कधी म्हणालात? मी ऐकावं असं एकदाही वाटलं नाही का? तेव्हा तो सांगू शकत होता आणि तिनं विचारलं नाही. आता तिच्याकडे प्रश्नच प्रश्न होते.

"चुकलंच माझं," ती म्हणाली.

"नाही," सुतार म्हणाला, आणि डाव्या हातानं तिचे डोळे पुसायला गेला. अंदाज चुकला आणि हात तिच्या कानावर आपटला. दोघंही हसली.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. बोलायची बाई खूश होऊन म्हणाली की यातूनच हळूहळू वाट सापडेल, आणि थोडी सापडलीही. वर्षभरात सुताराला चहा, पुरे, दार, ऊन, ताई असे वीस-बावीस शब्द आले. खालचा कारखाना एका दुसऱ्या सुतारानं घेतला. तो रंधा मारायला लागला की हा खुर्चीत ताठ बसून ऐकायचा आणि एखादा हात चुकीचा पडला की तोंड वाकडं करायचा. 'अगं' मात्र आलं नाही. बाईंनी खूप प्रयत्न केले. तो इतका जोर लावायचा की काकूच म्हणायची, राहू दे.

वर्षानं नणंद भावाला भेटायला आली. सकाळी तिघं खिडकीपाशी उभी राहिली. चार ओळी तिघांनी म्हटल्या. पुढच्या दोन आल्या तेव्हा नणंद थबकून ऐकत राहिली. त्यानंतर काकूनं एकटीनं आणखी एक ओळ म्हटली, "ह्यांना शब्द दे."

स्वयंपाकघरात चहा गाळताना नणंदेनं विचारलं, "दोन ओळी जास्तीच्या आहेत. भावानं घातल्या?"

"हो."

"आणि शेवटची तुझी."

"माझी."

"मग? मिळालं का काही?"

"मला हवं ते नाही मिळालं," काकू म्हणाली. "एक हाक हवी होती. रोज मागते. येत नाही."

"तरी म्हणतेस?"

काकूनं गाळणं ठेवलं. असं काही बोलायची तिला सवय नव्हती. "ताई, दिवसभर ते त्यांच्या खुर्चीत आणि मी माझ्या मशिनवर. ते काय म्हणू बघतात ते मला कळत नाही, आणि मी काय बोलतेय त्याला त्यांच्याकडे उत्तर नाही. सकाळी तिथं उभे राहिलो की तेवढा वेळ आम्ही दोघं एका वाक्यात असतो. तेवढ्यावर दिवस निघतो. कधी कधी नाही निघत. मग दुसऱ्या दिवशी परत उभी राहते."

नणंदेला अर्धंच ऐकू आलं असावं. ती म्हणाली, "बाबा पण म्हणायचे, उभं राहायला शिकवते ती प्रार्थना," आणि दोन कप उचलून भावाकडे गेली.

काकू तिथंच ओट्यापाशी थांबली. बाहेरून नणंदेचा मोठा आवाज येत होता, साखर कमी झाली का म्हणून विचारणारा, आणि सुताराचं "पुरे, पुरे." तिनं आणखी थोडा वेळ कान देऊन ऐकलं. मग आपला कप घेऊन ती त्यांच्यात जाऊन बसली.