हिरव्या टाचेचा मोजा आणि मी

मी एक जुना झेंडा आहे. मित्रांनो, झेंडा म्हटल्याबरोबर आपल्या डोळ्यांपुढे किल्ला, सैन्य आणि तुतारी उभी राहिली असेल, तर ती कृपया बाजूला सारावी. मी कपडे धुण्याच्या दुकानात इस्त्रीच्या टेबलावर, पडद्याच्या एका मोडक्या दांडीला लटकतो. बहुधा जगातील सर्वांत लहान पंथाची मी पताका आहे. त्या पंथाचे अनुयायी अवघे तीन होते.

पूर्वायुष्यात मी निळी चादर होतो. मला धुवायला टाकून गिऱ्हाईक परगावी गेले, ते परतलेच नाही.

त्या दुकानाला एक जुनाट दुखणे होते. यंत्रात दोन मोजे जात आणि एकच बाहेर येई. गिऱ्हाइके भांडत. मालकीणबाईंनी यंत्र उघडून पाहिले, नळी झटकून पाहिली, सारे व्यर्थ. शेवटी इस्त्रीवाले काका एके दिवशी इस्त्री उभी करून अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "बाई, हे यंत्राचं काम नव्हे. वर कोणीतरी एका पायाचा देव आहे. त्याला थंडी वाजते."

"मग त्याला म्हणावं, स्वतः विणून घे की!" रफू करणाऱ्या मावशी म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की सुई त्यांच्या बोटात शिरली. काकांनी तो पहिला साक्षात्कार मानला. एकमोजी पंथ स्थापन झाला तो असा.

मावशींनी मला कापले, कडा दुमडून शिवल्या आणि माझ्या छातीवर मानचिन्ह म्हणून एक बेवारस लोकरी मोजा टाचला. तो राखाडी होता. टाच मात्र हिरवी. दर शनिवारी दुकान उघडण्यापूर्वी तिघेही माझ्यासमोर एका पायावर उभे राहत आणि गर्जना करीत, "नेलास तो लखलाभ, उरला तो सुखरूप!" मालकीणबाई सर्वांत आधी डगमगत आणि मावशींचा खांदा धरत.

पूर्वी एकटे पडलेले मोजे महिनाभराने यंत्र पुसण्याच्या कामी येत. आता ते माझ्या शेजारच्या दोरीवर मानाने विराजमान होऊ लागले. गिऱ्हाइके मला पाहून हसत आणि भांडायचे विसरत. पंख्याच्या वाऱ्याने माझी छाती फुगे. खरे सांगायचे तर थोडी गर्वानेही फुगे.

अशी दोन वर्षे लोटली. मग एके सकाळी घड्याळे दुरुस्त करणारे एक आजोबा सदरा घेऊन आले. त्यांची दृष्टी वर गेली आणि तेथेच खिळली.

"तो मोजा माझा आहे," ते म्हणाले.

"आजोबा, दोरीवरचा हवा तो न्या," काका म्हणाले. "पण झेंड्याला हात नको. तो आता पंथाचा आहे."

आजोबांनी वाद घातला नाही. त्यांनी कोटाच्या खिशातून घडी केलेला दुसरा मोजा काढून टेबलावर ठेवला. राखाडी, हिरव्या टाचेचा.

"आमच्या हिनं विणलेला शेवटचा जोड. लोकर कमी पडली म्हणून टाच हिरवी केली. मी हसलो, तर आठवडाभर बोलली नाही माझ्याशी." त्यांनी मोज्याची टाच बोटाने सारखी केली. "ती गेल्यावर एक हरवला. वाटलं, माझ्याच हातून कुठेतरी पडला. हा उरलेला घालवेना आणि टाकवेना."

मावशींनी स्टूल ओढून माझ्यापाशी आणले.

"पण मावशी," काका हळूच म्हणाले, "मोजा काढला तर झेंड्यात राहिलं काय? चादरच की नुसती."

मित्रांनो, हेच भय मलाही ग्रासून होते. मोजा गेला की मी चादर, आणि फाटक्या चादरीचा शेवट पुसण्यातच व्हायचा.

"काका, उरला तो सुखरूप, असं दर शनिवारी आपणच ओरडतो ना?" मावशी कात्री शोधत म्हणाल्या. "मग आज तो घरी चाललाय. सरका, उजेड अडवू नका."

त्यांनी एकेक टाका अलगद उकलला. मोजा खाली उतरला आणि तिघेही पुढे सरसावून मला पाहू लागले. खिडकीच्या उन्हाने मी सारा विटून गेलो होतो. केवळ मोज्याखालची जागा पूर्वीसारखी गडद निळी होती. टाच, तळवा, बोटे, सारे हुबेहूब.

"अगं बाई!" मालकीणबाई ओरडल्या. "देवानं झेंड्यावरचासुद्धा नेला! आता याहून अस्सल खूण कोणती हवी?"

काकांनी मला हात जोडले. आजोबांनी स्टुलावर बसून दोन्ही मोजे पायांत चढवले आणि ते बराच वेळ टाचांकडे पाहत राहिले.

"तुमच्यात यायला काय लागतं?" त्यांनी विचारले.

"एका पायावर उभं राहता येतं?"

"टेबल धरून चालेल?"

"चालेल की," मावशी म्हणाल्या. "आमच्या बाई तर माणूस धरतात!"

आता आम्ही चौघांचे झालो आहोत. म्हणून मित्रांनो, माझी आपणांस नम्र विनंती आहे: एकटी उरलेली वस्तू केराच्या टोपलीत टाकण्याची घाई करू नका. तिचा जोडीदार कोणाच्या तरी खिशात घडी करून ठेवलेला असू शकतो.

माझ्या त्या निळ्या खुणेवरही आता ऊन पडते आणि ती हळूहळू फिकी होत आहे. परंतु मला चिंता नाही. मावशींनी तिच्याभोवती धावदोरा घातला आहे. सारा राखाडी; फक्त टाचेपाशी हिरवा.