उजवी बाही

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात मशीनवर पंचवीस बायका बसत, पण कापड कापणारी बाई एकच होती. तिला सगळे मास्तरीण म्हणत. आठ थर एकावर एक ठेवून ती मोठ्या कात्रीने बाही कापायची, आणि सगळ्यात खालची बाही वरच्या बाहीपेक्षा दोराभरही मोठी निघत नसे.

बावन्नाव्या वर्षी तिला स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया, औषधं, किरणं, सगळं उरकून ती आठ महिन्यांनी कामावर आली तेव्हा बायकांनी तोंड भरून कौतुक केलं. पुढच्या वर्षी उजवा हात जड वाटू लागला. आधी संध्याकाळपुरता, मग दिवसभर. बोटाने दाबलं की खळगा पडायचा आणि तो भरून यायला वेळ लागायचा. तिने कानाडोळा केला. स्वतःचे कपडे ती स्वतःच बेतायची, तेव्हा उजवी बाही दोन बोटं सैल कापली आणि गप्प बसली. पण पंचवीस शिवणाऱ्या बायकांच्या नजरेतून बाही सुटते होय? आठवड्याभरात कुजबुज सुरू झाली.

शेवटी बोटं कात्रीच्या कड्यात जाईनात, तेव्हा ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी समजावलं की शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्यामुळे हातातलं पाणी वर जायची वाट अडली आहे. सूज आटोक्यात ठेवता येईल, पण हात पूर्वीसारखा होईल असं नाही. बाकी सगळे अहवाल उत्तम आहेत, तुम्ही नशीबवान आहात, असंही ते म्हणाले. तिने मान डोलावली आणि घरी आली.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी पट्टी बांधायची रीत दाखवली. आधी एकेक बोट, मग तळवा, मग मनगटापासून काखेपर्यंत. खाली घट्ट, वर सैल, आणि हे रोज. नवरा मनापासून बांधायचा, पण दुपारपर्यंत पट्टी मनगटात गोळा व्हायची. तो पुन्हा उलगडून बांधायला बसला की तिला त्याची दयाही यायची आणि रागही.

मग नवऱ्याने तिला न विचारता आपल्या धाकट्या बहिणीला बोलावलं. ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि तीस वर्षं काचेची भांडी कागदात गुंडाळून खोक्यात भरायचं काम करून नुकतीच निवृत्त झाली होती. सासूच्या आजारपणात कुणी किती केलं यावरून नणंद-भावजयीत बोलाचाली झाली होती, आणि त्यानंतर दोघींत कामापुरतंच बोलणं उरलं होतं. नणंद सकाळी सातला आली, चप्पल दाराशी काढली, हात धुतले आणि विचारलं, सुरुवात करंगळीपासून की अंगठ्यापासून?

त्या दिवशी पट्टी संध्याकाळपर्यंत जागची हलली नाही.

नणंद रोज येत राहिली. दोघी फारशा बोलत नसत. एकदा मास्तरणीच्या त्याच हाताच्या बोटाला टाचणी टोचली. एवढ्याशा टोचण्याने दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत लाल झाला, ताप भरला आणि चार दिवस इस्पितळात सलाईन लावून काढावे लागले. भेटायला आलेली प्रत्येक बाई तेच म्हणाली, मोठ्या दुखण्यातून उठलीस, हे काय त्यापुढे.

घरी आल्यावर पहिल्या सकाळी नणंद पट्टी उलगडत होती, तेव्हा मास्तरीण म्हणाली, "मला कंटाळा आलाय गं. मरायचं वगैरे मनात नाही. पण तू बरी झालीस असं आता कुणी म्हणू नये."

नणंदेने करंगळीला पहिला वेढा दिला. "मी नाही म्हणणार, वहिनी."

"रोज सकाळी उठायचं ते या हातासाठी. झोपायचं तेही त्याला उशी देऊन. जशी काही घरात दुसरी सासू आणून ठेवलीय."

नणंद हसली नाही, पण तिचा हात थांबला. मग म्हणाली, "आईचं तूच जास्त केलंस. तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं नाही."

पट्टी काखेपर्यंत पोचली, टोक चिकटवून झालं.

कारखान्याच्या मालकिणीने तिला काढलं नाही. मशीनवरची एक तरुण बाई कात्रीवर बसवली आणि मास्तरणीकडे आखणी दिली. डाव्या हाताने खडू धरायला तिला दोन महिने लागले. त्या मुलीचे थर पहिल्या आठवड्यात सरकले, चाळीस बाह्या वाया गेल्या. मास्तरणीने कात्रीकडे हात नेला आणि मागे घेतला. मग तिने मुलीला थरांवर वजन कुठे ठेवायचं ते दाखवलं. सहा महिन्यांनी मोजलं तेव्हा सूज थोडी उतरली होती, फार नाही. संध्याकाळी हात अजूनही दगडासारखा व्हायचा.

एका सकाळी तळव्याचे वेढे चालू असतानाच मास्तरणीची मान खुर्चीच्या पाठीवर कलली. नणंदेने आवाज न करता काखेपर्यंत बांधत नेलं आणि तो हात उशीवर ठेवला. मग आत जाऊन कारखान्यात फोन लावला आणि मास्तरीण आज तासभर उशिरा येईल असं सांगितलं.

मालकिणीने काळजीने विचारलं, काही झालं का?

"काही नाही," नणंद म्हणाली, "झोपलीय."