दोन नंबरची जागा

विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्याला कुलूप लागायचं ठरलं, तेव्हा बेटावरच्या मंडळींनी तिथून विमानं उतरवणाऱ्या इवाबुचीला निरोपाचं म्हणून एक जड घड्याळ दिलं. ज्याचं काम काढून घ्यायचं त्याला वेळ मोजायची सोय करून द्यावी, हा शिष्टाचार सगळीकडे सारखाच.

यापुढे धावपट्टीवर कॅमेऱ्यांची नजर, कॅमेऱ्यांवर यंत्राची, आणि यंत्रावर फुकुओकात बसलेल्या मिनेगिशी नावाच्या मुलीची.

एका विमानाच्या नोंदीची एक कागदी पट्टी. विमान उतरलं की ती खणातून काढायची, हा मनोऱ्याचा रिवाज. इवाबुचीच्या खणात एक पट्टी उन्हाने पिवळी पडली होती. त्याचा धाकटा भाऊ कोसुके छोट्या विमानातून समुद्रातल्या कुपा माशांच्या झुंडी हेरायला जायचा. "दादा, आलोच, चहा टाक," असं एकदा रेडिओवर म्हणाला आणि आलाच नाही. समुद्राने तुकडासुद्धा परत केला नाही. शोध थांबला, देव्हाऱ्यात फोटो बसला, पट्टी मात्र खणातच राहिली. तपासणीला आलेल्या साहेबांना त्या खणापाशी पोचलं की नेमका खिडकीबाहेरचा देखावा आवडायचा.

यंत्राला देखाव्याची आवड नव्हती. ताबा घेताना त्याने सगळ्या पट्ट्या वाचल्या, तीही वाचली.

"इवाबुचीसान, तुमचं एक विमान अजून हवेत दिसतंय," मिनेगिशी फोनवर म्हणाली. "टाकी मोठी दिसते त्याची."

"हं."

"वैमानिकाचं आडनावही तुमचंच..."

"धाकटा माझा."



"चुकलं माझं. पण ही नोंद मिटल्याशिवाय यंत्र ताबा घेत नाही, आणि संध्याकाळचं विमान वर घिरट्या घालतंय. उतरलं, परत फिरलं, रद्द. तीनच पर्याय आहेत."

"'येतंय' नाही?"

"नाही हो. मी रद्द टाकू का?"

"निघालेलं विमान रद्द कसं होईल? काय शिकवतात तुम्हाला?"

डोळ्यांनी पाहून, बोट दाखवून खात्री केल्याशिवाय इवाबुचीने उभ्या नोकरीत कुठलंही विमान 'उतरलं' म्हटलं नव्हतं. तो उठला. हात लांब करून त्याने धावपट्टीच्या समुद्राकडच्या टोकावर बोट धरलं, आणि छोटं विमान धावत येतं तशा बेताने ते सावकाश अलीकडे आणलं.

"उतरलं," तो म्हणाला.

"उभं करायची जागा कुठली लिहू?"

"दोन नंबर. दाराजवळची."

कॅमेऱ्यांना तिथे काही दिसत नव्हतं. पण माणूस खात्रीने सांगतोय म्हटल्यावर यंत्राने मानलं. नवं होतं बिचारं.

संध्याकाळचं विमान उतरलं. यंत्राने ते लांबच्या एक नंबरवर नेऊन उभं केलं. टोप्या धरून, वाऱ्याला शिव्या देत प्रवासी रिकाम्या दोन नंबरला वळसा घालून चालत आले.

फोन पुन्हा वाजला.

"इवाबुचीसान," मिनेगिशी हळू आवाजात म्हणाली, "यंत्र विचारतंय, दोन नंबर मोकळी करायची का?"

इवाबुची चहाचं पाणी ठेवत होता.

"राहू दे जरा," तो म्हणाला. "आत्ताच आलाय."